भूल नको म्हणून

साक्ष चालू असताना स्टेनोला उठता येत नाही. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते नीट वाक्यात बसवून सांगतात आणि मी टाइप करते. एकोणीस वर्षं हे काम करते आहे. पाळीचे दिवस सांभाळून खुर्चीत बसायची सवय मला होती, पण गेल्या दोन वर्षांत ती पुरेनाशी झाली. आधी दोन पॅड, मग त्यावर जुन्या सुती ओढणीची घडी, खुर्चीवर दुमडलेला टॉवेल आणि अंगात कायम काळी सलवार. तासाभराने उठायचं. उठणं शक्य नसेल तेव्हा मांड्या आवळून बसायचं.

त्या दिवशी एका जमिनीच्या दाव्यात उलटतपास चालला होता आणि वकिलांचे प्रश्न संपत नव्हते. साडेबाराच्या सुमारास ओल टॉवेलच्याही पलीकडे गेल्याचं मला कळलं. कळूनही मी आणखी पाऊण पान टाइप केलं. मग पडद्यावरची अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. न्यायाधीश मॅडमनी तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगितलं, माझ्याकडे पाहिलं आणि कामकाज पंधरा मिनिटं थांबवलं. सगळे बाहेर गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वैशाली, घरी जाऊ नका. आधी डॉक्टरकडे जा."

खुर्ची मी स्वतः पुसली आणि मग गेले.

तीन गाठी

सोनोग्राफीत पोटावरून फिरणारं ते यंत्र एका जागी थांबलं की माझाही श्वास थांबायचा. ते वारंवार थांबत होतं. गर्भाशयात तीन गाठी निघाल्या, फायब्रॉइड. दोन लहान. तिसरी सात सेंटीमीटरची, भिंतीत वाढलेली आणि आतल्या बाजूला फुगलेली. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ. एवढ्या रक्तावर मी रोज दोन जिने चढून कोर्टात जात होते आणि दम लागतो म्हणून वजनाला दोष देत होते.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाई प्रेमळ होत्या. असल्या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात, घाबरू नका, असं त्यांनी सांगितलं. मी त्रेचाळीस वर्षांची, मुलगी ईशा पंधराची, पुढे मूल नको आहे. तेव्हा रक्त भरून आलं की पिशवी काढून टाकू, कायमच्या मोकळ्या व्हाल, असं त्यांचं मत पडलं. माझा नवरा मिलिंद शेजारी बसून मान डोलवत होता. मला "पिशवी काढून टाकू" याच्यापुढचं काही ऐकू आलं नाही.

मी तेरा वर्षांची असताना माझी आई पिशवी काढायला दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. भूल दिली, ती शुद्धीवर आलीच नाही, एवढंच आम्हा भावंडांना सांगितलं गेलं. तेव्हापासून भूल या शब्दाला मी भ्यायले आहे. ईशाचं बाळंतपण साधं झालं, तेव्हा सगळे मुलीसाठी देवाचे आभार मानत होते आणि मी सीझर झालं नाही म्हणून मानत होते. अक्कलदाढ काढायची तर त्याला फक्त हिरडीत सुई लागते. तेही मी तीन वर्षं टाळलं होतं.

घरात

बातमी कळल्यावर सासूबाई नामपूरहून आल्या. त्यांचा जीव माझ्यावर आहे, पण त्यांना या प्रकरणात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. "मनी पिशवी काढाले तीस वरीस झायात. मी जित्ती शे ना?" त्या त्यांच्या अहिराणीत म्हणायच्या. मोठ्या जाऊबाईंची काढलेली, शेजारणीची काढलेली. काढून बायका पुन्हा शेतात गेल्या, मला तर बसून काम करायचं होतं.

मिलिंद सातपूरला एका कंपनीत सुपरवायझर आहे. बिघाड दिसला की तो दूर करायचा, ही त्याची रीत. मी रोज मोबाईलवर तासन्‌तास वाचत बसते आणि ठरवत काहीच नाही, याची त्याला चीड यायला लागली. एकदा जेवताना तो म्हणाला की तुझ्या आईचं ते तीस वर्षांपूर्वीचं, आता तसं होत नाही. मी विचारलं, "तुला खात्री आहे?" तो ताटावरून उठला. पुढचे दोन दिवस आम्ही फक्त भाजी आणि गॅस सिलिंडर याबद्दल बोललो.

ईशाचं मला उशिरा कळलं. तिच्या पाळीत तिच्या पोटात चांगलंच दुखतं. दर महिन्याला गरम पाण्याची पिशवी मागणारी मुलगी चार महिने काही मागतच नव्हती. शाळेतून बाईंचा फोन आला की ती वर्गात वाकून बसली होती. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, "तुझ्यापुढे माझं काय सांगायचं?" मी काही न करता बसले होते त्याची झळ कुणाला लागत होती, ते तेव्हा दिसलं.

आप्पांची सही

एका रविवारी मी नांदगावला माहेरी गेले. वडील, आमचे आप्पा, शहात्तर वर्षांचे. किराणा दुकान आता भाऊ बघतो. ते सकाळी तासभर गल्ल्यावर बसतात, मग घरी येऊन पडतात. मला काय झालंय ते त्यांना फोनवर कळलं होतं. मी त्यांच्या खाटेशेजारी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारलं, आईला नक्की काय झालं होतं?

त्यांनी नजर पंख्याकडे वळवली. मग बोलले.

"तिचं रक्त लय कमी होतं. डॉक्टर म्हनले, महिनाभर गोळ्या खाऊ द्या, मग करू. दिवाळी तोंडावर आली होती. दुकान टाकून परत कोन येनार? मीच म्हनलो, आलोच हाय तर उरकून टाका." पुढे म्हणाले, "कागदावर सही माझी हाय. तिला कोनी इचारलं नाय."

तीस वर्षं हा माणूस हे एकट्याने घेऊन बसला होता. माझ्या मनात राग आला की कीव, मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांना चहा करून दिला आणि गाडी धरली. वाटेत पहिल्यांदा वाटलं, आईला भुलीने नेलं की घाईने? पण तीस वर्षांची भीती असं कारण ऐकून लगेच निघून जात नाही. तिने फक्त जरा जागा बदलली.

वाट कोणती

ओळखीच्या एका वकीलबाईंनी दुसऱ्या डॉक्टर सुचवल्या. त्यांनी आधी रक्त भरून काढायला घेतलं. पाळी थोपवायच्या गोळ्या, सलाइनमधून लोह, तीन महिने. त्यांनी कागदावर उलट्या पेअरच्या फळासारखं गर्भाशयाचं चित्र काढलं आणि गाठ कुठे आहे त्यावर उपाय ठरतो हे समजावलं. पिशवीच्या पोकळीत लोंबणारी गाठ खालून दुर्बीण घालून काढता येते, पोटावर छेदही लागत नाही. भिंतीतली किंवा बाहेरची गाठ पोटावर तीन-चार बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीने काढतात. आणि तिसरा मार्ग म्हणजे गाठीचा रक्तपुरवठाच बंद करायचा. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी थेट गर्भाशयाच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची, तिथे वाळूसारखे कण सोडायचे. गाठ उपाशी पडते आणि काही महिन्यांत आक्रसते. पिशवी जागेवर राहते.

"याला भूल?" मी विचारलं.

सुई टोचतात तिथे बधिर करतात, बाकी तुम्ही जाग्या असता, त्या म्हणाल्या. मी लगेच म्हटलं, हेच करा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. यात गाठ बाहेर निघत नाही. पहिला दिवस फार दुखतं. मूल हवं असतं तर त्यांनी आधी दुसऱ्या उपायांचा विचार केला असता. तुमची गाठ आत फुगलेली आहे, तिचा तुकडा नंतर सुटून खाली येऊ शकतो, मग तो काढावा लागतो. काही जणींना पुढे दुसरा उपचारही लागतो. हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भीती हे कारण चालतं. पण तेवढं एकच कारण नको." मी मान हलवली. खरं सांगायचं तर माझ्याकडे तेव्हा तेवढं एकच कारण होतं.

आधी कॅन्सरची शंका नको म्हणून पिशवीच्या अस्तराचा नमुना तपासायला गेला. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी एका निकालपत्रात वादीच्या जागी दोनदा प्रतिवादी टाइप केलं. एका दुपारी कपाटातल्या साड्या काढून कुठली ईशाला आणि कुठली बहिणीला असा विचार करताना मीच मला पकडलं आणि कपाट बंद केलं. रिपोर्ट चांगला आला. एमआरआयच्या बोगद्यात पंचवीस मिनिटं डोळे मिटून पडले. त्यावरूनही माझ्या गाठीला हा उपाय लागू पडेल असं निघालं.

हे वाचणाऱ्या एखादीच्या गाठी वेगळ्या जागी असतील, वय वेगळं असेल. माझी वाट तुमची नसेलही. पण तुमच्या डॉक्टरांना ते चित्र काढायला जरूर सांगा.

डाव्या मनगटातून

सकाळी नऊ वाजता मला आत नेलं. तरुण डॉक्टर होते, हे काम करण्यात तरबेज. डावा हात एका फळीवर पसरून बांधला. मनगटात सुई टोचल्याचं कळलं, मग हात माझा राहिला नाही. नळी खांद्यावरून छातीतून खाली जात होती आणि ती मला जाणवत नव्हती. याचीच मला जास्त भीती वाटली. डॉक्टर मधूनच "आता पोटात गरम वाटेल" असं सांगायचे आणि खरंच कुणीतरी आतून कढत पाणी ओतल्यासारखं व्हायचं.

जागं राहायचं म्हणून मी हे निवडलं होतं. पण जागं असण्याची भीती वेगळी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर माझ्याच रक्तवाहिन्या वाळक्या झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या उमटायच्या आणि विरायच्या. प्रत्येक आवाजाला मी विचारायचे, काय झालं? पाचव्या-सहाव्या वेळी एका वयस्कर सिस्टरने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि शेवटपर्यंत काढला नाही. तासाभरात संपलं. मनगटावर पट्टी, बस्स. बाहेर येताना मी मिलिंदकडे बघून हसले.

मग दुपार झाली आणि दुखायला लागलं. बाळंतकळा येतात आणि जातात. ही कळ यायची ती जायचीच नाही. ओटीपोटात कुणी मूठ आवळून धरल्यासारखं, पाठीपर्यंत. सलाइनमधून औषध चालू होतं, तरी मी पलंगाची दांडी सोडली नाही. दोनदा उलटी झाली. मला ठामपणे वाटलं की माझी चूक झाली, पिशवी काढली असती तर एव्हाना झोपलेले असते. मिलिंद माझे पाय चोळत होता. मध्येच तो म्हणाला, "मी तुला त्या दिवशी तसं बोलायला नको होतं." त्या क्षणी मला त्याची माफी नको होती, इंजेक्शन हवं होतं. तो उठून सिस्टरना बोलावून आला.

बारा तासांनी ती मूठ सैल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या दिवशी कपाळावर हात ठेवणाऱ्या त्याच सिस्टर ड्यूटीवर होत्या. त्यांनी काही न विचारता माझ्या केसांचा गुंता सोडवून वेणी घातली. चौथ्या दिवशी घरी. आठवडाभर कणकण, थकवा, अंगावरून जात राहिलं. तीन आठवड्यांनी मी कोर्टात परतले.

सहावा आठवडा

एका शनिवारी दुपारी पोटात पुन्हा तीच मूठ आवळली. थंडी वाजून ताप भरला. अंगावरून जात होतं त्याला घाण वास येत होता. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, लगेच निघा. द्वारका चौकात गाड्या हलत नव्हत्या. मिलिंद हॉर्न वाजवत होता, मी सीटवर वाकून खिडकीबाहेर फळांच्या गाड्या मोजत होते. वीस-बावीस मिनिटं आम्ही तिथेच होतो.

तपासून त्या म्हणाल्या की मेलेल्या गाठीचा तुकडा सुटून पिशवीच्या तोंडाशी अडकलाय. तो तिथे राहिला तर संसर्ग वर पसरेल. खालून दुर्बिणीने काढायचा, दहा-पंधरा मिनिटांचं काम. आणि भूल द्यावी लागेल.

जागेपणी करा, मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. त्यांनी हात धरला. तुकडा फाटला किंवा रक्त सुरू झालं तर तुम्हाला हलून चालणार नाही, म्हणून जागेपणी करणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी अर्धा तास मागितला. त्यांनी दहा मिनिटं दिली.

ज्या गोष्टीपासून पळण्यासाठी मी एवढा वळसा घातला होता, ती समोर येऊन उभी होती. भूल देणारे डॉक्टर आले, केस पिकलेले. स्टूल ओढून पलंगाशेजारी बसले. मी त्यांना आईचं सगळं सांगितलं, रक्त कमी होतं आणि दिवाळी होती हेही. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाले, "तुमचं हिमोग्लोबिन अकरा आहे. मी पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी बसणार आहे. जागा सोडून उठणार नाही."

मिलिंदने नांदगावला फोन लावून माझ्या कानाशी धरला. आप्पांचा श्वास ऐकू येत होता.

"समदं इचारलंस का?"

"विचारलं."

"मग तुझी तू सही कर."

मी केली. सही वाकडी आली. आत नेलं, नाकावर मास्क ठेवला, आकडे मोजायला सांगितले, पण मी मोजत नव्हते. फक्त त्या डॉक्टरांच्या चष्म्याकडे बघत होते.

पुढे कुणीतरी माझं नाव घेत होतं. किती वाजले, मी विचारलं. सव्वासहा. डोक्याशी तेच डॉक्टर होते. मी तिथेच मोठ्याने रडले, दुखत नसताना. सिस्टरना वाटलं काही बिघडलं. डॉक्टरांनी मान हलवून त्यांना सांगितलं, रडू द्या.

आता

दोन दिवसांत ताप उतरला. सहा महिन्यांच्या सोनोग्राफीत मोठी गाठ निम्म्याहून लहान झाली होती, धाकट्या दोन जवळजवळ पूर्वीएवढ्याच. दर वर्षी दाखवायचं आहे. पाळी पाच दिवस येते आणि एका पॅडमध्ये मावते. तरी तारीख जवळ आली की मला झोप नीट लागत नाही, पहिल्या दिवशी मी दर तासाला तपासायला जाते. पूर्ण बरं वाटणं म्हणतात ते अजून आलेलं नाही. येईलही.

मागच्या महिन्यात डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून फोन आला. दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेवर तोच उपचार होणार होता आणि ती फार घाबरली होती. तुम्ही बोलाल का? मी कोर्टातून सुटल्यावर गेले. सडपातळ बाई, मांडीवर फाईल, एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला भाऊ. माझी ओळख करून दिल्याबरोबर भाऊ म्हणाला, ताई, सांगा हिला, काही नसतं यात, किरकोळ आहे. नवराही तेच म्हणाला.

ती माझ्याकडे बघत होती. "दुखतं का हो?"

मी त्या दोघांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "दुखतं," मी म्हटलं. "मला पहिले बारा तास फार दुखलं. चूक केली असं वाटलं. मग कमी झालं."

भावाने नाराजीने मान फिरवली. तिने फाईल उघडली, पाठीमागच्या कोऱ्या कागदावर पेनाने 'बारा तास' लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

"बारा तास निघतील," ती म्हणाली. "इतके दिवस कोणी आकडाच सांगत नव्हतं."

मग तिने मला शेजारी बसायला जागा केली आणि पुढचा प्रश्न विचारला.